पडद्यावरचं नाव



मित्रमैत्रिणींनो, 2020-21 मध्ये तुमच्यातले बरेच जण नववीत होते आणि मी नववीलाच मराठी शिकवत होते.

कोरोनामुळे शाळा बंद होती. माझ्या ऑनलाइन वर्गात पडद्यावरच्या एका चौकोनात मुलाच्या नावाऐवजी त्याच्या वडिलांच्या टेम्पोच्या धंद्याचं नाव यायचं. फोन वडिलांचा. ते भाडं घेऊन गेले की मुलगा गैरहजर. पोरं त्याला ‘टेम्पो’ म्हणू लागली. एकदा हजेरी घेताना मीही तेच म्हणाले. पलीकडून आलं, ‘हजर, बाई.’ ते मला आजही टोचतं.

नावाचा विषय निघाला की मला एरिक एरिक्सन आठवतात. या मानसशास्त्रज्ञानं ‘आयडेंटिटी क्रायसिस’, म्हणजे ‘मी कोण?’ हा पेच, हा शब्द रूढ केला. जन्मदाता कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. ते सावत्र वडिलांचं आडनाव लावत. 1939 मध्ये अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी स्वतःसाठी नवं आडनाव घेतलं, एरिक्सन. किशोरवयात निरनिराळ्या भूमिका करून पाहायला मोकळीक लागते, असं ते सांगत. आणि तसं करताना आपल्याला ओळखणारी माणसंही समोर लागतात.

तुमच्या त्या वयात मैदान बंद, कट्टा बंद, गॅदरिंग बंद. उरला फोन. पोरं बिघडली, असं मोठी माणसं म्हणाली. मला नाही तसं वाटत. पांघरुणात कुणी गाणं रेकॉर्ड करत होतं, कुणी गेममध्ये दुसऱ्याच नावानं टीम चालवत होतं. तीच तुमची मोकळीक होती. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावाकडच्या कितीतरी पोरांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले.

पण वर्गात चुकीचं बोललेलं पुढच्या तासाला विरून जातं, स्क्रीनशॉट मात्र राहतो. म्हणून तुमचे कॅमेरे बंद असायचे आणि मी ओरडायचे, ‘चालू करा!’ मागे एका खोलीचं घर होतं, नुकती फुटलेली मिसरूड होती, मुरुमं होती. शिवाय बोलता बोलता स्वतःचाच चेहरा सतत समोर. कबड्डी खेळताना कुणाला आपलं तोंड दिसतं का? त्या वयाला एवढं न्याहाळणं सोसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

2021 मध्ये तुमच्या आधीच्या बॅचची, राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला 99.95 टक्के. ‘कोरोना बॅच’ हा शब्द त्यांना चिकटला, तुमच्यापर्यंतही आला. त्याचा मला राग येतो. तेही कुणी दुसऱ्यानंच चौकोनात लिहिलेलं नाव आहे.

4 ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडली. फाटकाशी मास्क लावलेला एक उंच मुलगा माझ्या पाया पडला. मी ओळखलं नाही. फुटलेल्या आवाजात तोच म्हणाला, ‘बाई, मी टेम्पो.’

आता बक्षीस समारंभ आहे. यादी माझ्या हातात आहे, पण मी ती वाचणार नाही. वर या, माइक घ्या आणि तुमचं नाव तुम्हीच सांगा.