समुपदेशकाच्या मनात काय असतं?

2021 साली मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचं प्रकरण आलं. एकमेकींसोबत राहण्यासाठी त्यांनी घर सोडलं होतं. त्यांना संरक्षण हवं होतं. आपल्याला हा विषय पुरता कळलेला नाही, असं न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मोकळेपणानं मान्य केलं आणि ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञासमोर जाऊन बसले. 7 जूनच्या आदेशात त्यांनी लैंगिक कल ‘बदलण्या’चे उपचार रोखले. असे उपचार करणाऱ्यांचा परवाना काढून घ्या, असंही बजावलं. केवढा प्रांजळपणा!

समुपदेशकाला स्वतःच्या समजुती अशाच रोज तपासाव्या लागतात. लग्न, जात, घटस्फोट यांबद्दल घरात मुरलेली मतं त्याच्यासोबत खोलीत येतातच. मार खाऊन आलेल्या बाईला ‘जरा सांभाळून घ्या’ असं सांगताना नक्की कोण बोलतं, त्याचा अभ्यास की त्याचे संस्कार? हे एकट्यानं ओळखणं अवघड असतं. म्हणून अनुभवी सहकाऱ्यापुढे आपलं काम नियमित मांडणं गरजेचं ठरतं.

गुप्ततेचा पेच वेगळाच. तालुक्याच्या गावात ज्याचं दुःख ऐकलं, तोच लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र बालकावरील लैंगिक अत्याचार कळला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, मूल बोलू लागण्याआधी, त्याला समजेल अशा शब्दांत सांगायला हवी.