गाडी विकणारा गावचा मुलगा



एके काळी मोटार विकण्यास माणूस लागतच नसे. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८३ साली मारुती आली, तीही नोंदणीचे दहा हजार रुपये आगाऊ भरून घेऊनच. आज कुडाळ-कणकवलीकडे शोरूममध्ये गाड्याच गिऱ्हाइकाची वाट पाहतात, आणि मालक म्हणतात, विकावयास तरुण मुले मिळत नाहीत.

आम्हांस याचे नवल वाटत नाही. घरटी एक माणूस मुंबईस धाडावयाचा ही आमची जुनी रीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, रीत गेली नाही. २००१ साली जिल्ह्याची वस्ती ८,६८,८२५ होती. २०११ च्या शिरगणतीत ती ८,४९,६५१ भरली. जो मागे राहिला त्याच्या घरचे दोनच प्रश्न विचारतात : "पगार किती गावतलो? नोकरी कायम आसा मां?"

हे प्रश्न खुळे नव्हेत. पुष्कळ ठिकाणी मूळ पगार थोडा, बाकी सारी भिस्त कमिशनवर. आता जून-जुलैत मासेमारी बंद आणि पर्यटकही थोडे. मालवणचा होडीवाला काय किंवा हॉटेलवाला काय, तेव्हा खिशात हात घालीत नाही. पुढे पितृपक्षात नवी गाडी दारी आणण्यास लोक कचरतात. झुंबड दसऱ्याला. तोवर मुलाने उपास काढावयाचे काय? पहिल्या वर्षी तरी मूळ पगार पोटापुरता हवा, आणि पावसाळ्यातले टार्गेट उतरावयास हवे. २०२४ साली राज्य सरकारने काढलेल्या प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन सहा महिने ठरले होते. ठीक आहे, पण सातव्या महिन्यात काय, हे मालकाने पहिल्याच दिवशी सांगावे.

'अनुभव हवा' ही अट तर आम्हांस गमतीची वाटते. आचऱ्याच्या पोरास कोणाची कलमे यंदा मोहरली, कोणाचा चाकरमानी चतुर्थीस येऊन बापासाठी गाडी पाहणार, हे ठाऊक असते. तो अनुभव नव्हे काय? आणि मुलगे मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की २०११ साली येथे हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या.

दोष आम्हां आईबापांचाही आहेच. मुंबईस कोणाच्या इमारतीखाली बारा तास पहारा करणारा मुलगा आम्हांस चालतो, कुडाळात गाडी दाखविणारा चालत नाही. त्या मुंबईच्या पगारातून खोलीचे भाडे आणि खानावळ वजा करून कोणी हिशेब मांडला असेल, तर तो आम्हांस पाहावयास हवा आहे.