दात्याच्या पेशींतून उद्भवणारा रक्ताचा कर्करोग

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केले, आणि वसई-विरारच्या रुग्णाला एरवी परदेशीच मिळाला असता असा हा उपचार लोकलच्या टप्प्यात आला. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊती. तिच्यातील मूळपेशींपासून रक्तातील सर्व पेशी आयुष्यभर तयार होत राहतात. प्रत्यारोपणात रुग्णाची रोगट मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करून जुळणाऱ्या दात्याच्या, अनेकदा सख्ख्या भावंडाच्या, मूळपेशी शिरेवाटे दिल्या जातात आणि पुढे रुग्णाच्या शरीरात दात्याचे रक्त वाहू लागते. या नव्या रक्तालाच कर्करोग झाला, तर त्याला दातापेशीजन्य रक्तकर्करोग म्हणतात.

ज्या डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे अडवाणी यांनी सिॲटल येथे हे तंत्र आत्मसात केले, त्यांच्याच सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये असा पहिला रुग्ण नोंदवला. भावाची मज्जा दिलेल्या एका मुलीचा आजार उलटला, तेव्हा कर्करोगग्रस्त पेशींत स्त्रीच्या शरीरात नसणारे वाय गुणसूत्र आढळले. म्हणजे बिघडलेल्या पेशी भावाकडून आलेल्या होत्या. दाता आणि रुग्ण एकाच लिंगाचे असतील तर ही खूण उपयोगी पडत नाही, म्हणून आता दोघांच्या डीएनएतील लहान पुनरावृत्त तुकड्यांची तुलना करून पेशी कोणाची हे ठरवले जाते.

बहुतेक वेळा दाता स्वतः निरोगी असतो, त्यामुळे हे कोडे अधिकच गहन होते. उतारवयीन दात्याच्या मज्जेत उत्परिवर्तन झालेल्या पेशींचा लहानसा वंश लक्षणांवाचून दडलेला असू शकतो, तर काही कुटुंबांत असा जनुकीय दोष जन्मजातच असतो, आणि तो भावंडांत सामाईक असल्यास सर्वांत चांगला जुळणारा दाताच गैरसोयीचा ठरतो. औषधांनी व किरणोपचाराने दुखावलेले मज्जेतील वातावरण, मूठभर पेशींवर पडलेला झपाट्याने वाढण्याचा ताण आणि प्रतिकारशक्तीची ढिली पडलेली पहारेदारी यांचीही या रोगास साथ मिळते, असे मानले जाते.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. मूळ रोग उलटल्यास त्याच दात्याच्या लसिका पेशी देऊन तो आवरण्याचा प्रयत्न करता येतो. रोग दात्याच्याच पेशींत असेल तर त्या उपायाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही, दुसरा दाता शोधावा लागतो आणि पहिल्या दात्याचीही तपासणी आवश्यक ठरते, कारण तोही धोक्यात असू शकतो.

तरीही प्रमाण विसरता कामा नये. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीत १०,४८९ प्रत्यारोपणांमागे असे केवळ १४ रुग्ण आढळले. मूळ रोग परतण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. म्हणून या दुर्मीळ शक्यतेच्या भीतीने कोणी मूळपेशीदानास नकार देऊ नये. मात्र प्रत्यारोपण झालेल्यांनी, बरे वाटू लागून वर्षे लोटली तरी, रक्ततपासणीची तारीख चुकवू नये आणि दात्याच्या घरात रक्ताचा आजार उद्भवल्यास तो डॉक्टरांच्या कानी अवश्य घालावा.