शंका आली की विचारा



प्राचार्य सरांनी फोनवर निमंत्रण दिलं तेव्हा विषयही दिला होता: माहितीची सुरक्षा आणि तरुणांपुढच्या संधी. त्या विषयावर मी बोलणारच आहे. पण मी होकार दिला तो या कॉलेजसाठी. या मैदानावर, अशाच मांडवाखाली बसून मी प्रमुख पाहुण्यांची भाषणं ऐकली आहेत. शेलापागोट्यांची चिठ्ठी आपल्या नावाची निघते की काय या धास्तीने जीव मुठीत धरलेला असायचा. आत्ता मागच्या रांगांतून जो गलका येतोय, तो मला अगदी ओळखीचा आहे.

आम्ही गावाकडून पहाटेच्या एसटीने यायचो. कॉलेज भरायला अवकाश असायचा. ग्रंथपाल सरांनी बाहेरगावच्या मुलांसाठी अभ्यासिका वेळेआधी उघडायची प्रथा पाडली होती. त्यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी किती जणांचं शिक्षण त्या एका किल्लीवर उभं राहिलं, हे आज त्यांच्यासमोर म्हणायची संधी मिळतेय, याचा मला फार आनंद आहे. सर, तुम्ही आज मुद्दाम आलात, तुमचे आभार कसे मानू?

संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावं लागे. एका यंत्रासमोर दोघं-तिघं बसत, आणि दारातले मामा वहीत नाव, वेळ, सही घेतल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. सरांचा पुतण्या असो की अध्यक्षांचा मुलगा, सही ही सगळ्यांची. पुढे मी माहितीच्या सुरक्षेवरचे जाडजूड ग्रंथ वाचले. कोण आत आलं, कधी आलं, कुणाच्या परवानगीने आलं, याची नोंद ठेवावी आणि नियम सगळ्यांना सारखा असावा, हे त्या ग्रंथांतलं तत्त्व मामांनी आम्हाला आधीच शिकवलं होतं.

आणि सांख्यिकीच्या मॅडम. त्या समोरच बसल्या आहेत. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पुस्तकातले आकडे त्यांना चालत नसत. आमच्या गटाला त्यांनी बाजारपेठेतल्या एका पतसंस्थेत पाठवलं. तिथे नुकताच संगणक आला होता, पण कारकून सगळ्या नोंदी हातानेही खतावणीत लिहीत होते. लोक नव्या यंत्राला घाबरतात, असा निष्कर्ष लिहायचा मोह कुणालाही झाला असता. मॅडमनी बजावून ठेवलं होतं, निष्कर्ष लिहिण्याआधी त्या कारकुनांना विचारा. आम्ही विचारलं. दुपारी वीज जाते आणि खिडकीत पैसे घ्यायला उभा असलेला शेतकरी वीज येईपर्यंत थांबू शकत नाही, म्हणून ती वही. त्यात भीती नव्हती, समोरच्या माणसाची काळजी होती.

मित्रांनो, मी आज जे संशोधन करते त्याचं बीज त्या पतसंस्थेत आहे. बँका, रुग्णालयं, कार्यालयं यांत माणसं संगणक कसा वापरतात, सुरक्षेचे नियम का पाळतात आणि का मोडतात, हा माझा अभ्यासविषय. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने 1989 मध्ये मांडलं की, हे तंत्र माझ्या कामाला उपयोगी पडेल का आणि ते वापरायला सोपं आहे का, या दोन प्रश्नांची जी उत्तरं माणूस मनाशी देतो त्यांवर तो ते स्वीकारतो की नाही हे मोठ्या प्रमाणात ठरतं. दहा वर्षांनी, 1999 मध्ये, लंडनमध्ये अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे यांनी कर्मचाऱ्यांना पासवर्डविषयी विचारलं. लोक पासवर्ड कागदावर लिहून ठेवतात याला सगळे निष्काळजीपणा म्हणत होते. या दोघींना दिसलं की, एकेका माणसावर अनेक पासवर्डांचा आणि ते सतत बदलण्याचा बोजा टाकला होता, आणि हे नियम कशासाठी आहेत ते त्याला कुणी समजावलं नव्हतं. वापरणारा माणूस शत्रू नाही, हे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ठणकावून सांगितलं.

पुढे 2010 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 7,700 हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले गेले. सक्तीने बदलायला लावलं की लोक जुन्याच पासवर्डात थोडासा फेरफार करतात. त्यामुळे जुना हाती लागला तर सुमारे 41 टक्के वेळा नवा काही सेकंदांत शोधता येतो, असं दिसलं. अखेर 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सांगितलं की, कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका. एवढा मोठा नियम बदलला, कारण माणसं खरोखर काय करतात ते कुणीतरी जाऊन पाहिलं आणि विचारलं.

शास्त्राबद्दल इतकंच. करिअरच्या संधींची यादी तुम्हाला मोबाइलवर सापडेल. मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे: शंका आली की विचारा, आणि चूक झाली की लगेच सांगा.

फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत आधीच शिरलेल्या चोरांनी डाव साधला. न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळपास 95 कोटी डॉलर काढण्यासाठी त्यांनी 35 आदेश पाठवले. त्यांतले 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. दोन कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावाने निघाले होते. त्या नावातल्या ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. मधल्या बँकेला ते खटकलं, तिने खुलासा मागवला, आणि ते पैसे वाचले. दोन कोटी डॉलर, एका प्रश्नाने!

आता आपल्या पुण्यातलं पाहा. 2022 मध्ये सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं नाव लावून व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले, तातडीने पैसे पाठवा. एक कोटीहून अधिक रुपये गेले. मोठ्या साहेबांचा निरोप आला की खालचा माणूस उलट फोन करायला कचरतो, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा धंदाच आपल्या संकोचावर चालतो. पोलीस असल्याचं भासवून फोनवरच ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणारे भामटे तर पहिली अटच घालतात, फोन बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. अशी कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला एकदा विचारलं की तो सगळा डाव कोसळतो.

म्हणून सांगते, विचारणाऱ्याला कमी लेखू नका. वर्गात हात वर करणाऱ्याला हसू नका. आज ज्याला वर्गात शंका विचारायची लाज वाटते, तो उद्या कार्यालयात साहेबांना कसा विचारणार? ही सवय याच वयात, याच वर्गखोल्यांत लागते. आमच्या सांख्यिकीच्या मॅडम तास संपताना शंकांसाठी वेळ राखून ठेवायच्या आणि कुणीच बोललं नाही तरी तो वेळ संपेपर्यंत शांत उभ्या राहायच्या. शेवटी कुणीतरी बोलायचंच. मॅडम, तुमच्या त्या थांबण्यामुळे आम्ही बोलायला शिकलो.

आता थोडं पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या मंडळींकडे वळते, कारण ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यांची नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करून 1996 मध्ये तो प्रसिद्ध केला. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका कमी दिसतील, असं कुणालाही वाटेल. पण तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण त्या गटांत चूक उघडपणे सांगता येत होती. गंजीजवळ पडलेली ठिणगी सांगितली तर तांब्याभर पाण्यात विझते. लपवली तर गंज जळते. सांगणाऱ्याला आधी शिक्षा होत असेल, तर पुढची ठिणगी कुणीही सांगणार नाही.

अध्यक्ष महोदय, तुमच्या नावाने आलेल्या निरोपाची खात्री करायला कार्यालयातल्या ताईंनी फोन केला, तर रागावू नका. त्यांना शाबासकी द्या, आणि ती सगळ्यांसमोर द्या. प्राचार्य सर, संगणक कक्षाच्या नियमांच्या फलकावर ‘करू नये’च्या यादीखाली, गडबड झाली तर कुणाला सांगायचं, तेही लिहून घ्या. गुरुजनहो, तासाचा शेवटचा वेळ शंकांसाठी राखून ठेवा, कुणी विचारो वा न विचारो. आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी घाबरून सांगायला आली की खात्यातले पैसे गेले किंवा कुणी फोटो दाखवून धमकावतंय, तर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य रागाचं नसावं. त्या एका वाक्यावर ते मूल पुढच्या वेळी तुमच्याकडे येईल की नाही, हे ठरतं.

मित्रमैत्रिणींनो, बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन, आणि ज्यांनी भाग घेतला त्यांचं त्याहून थोडं जास्त. या कॉलेजने मला पदवी दिली, त्याआधी प्रश्न विचारायची हिंमत दिली. ती तुम्हीही इथून घेऊन जा. आज घरी गेल्यावर आईवडिलांना आणि आजीआजोबांना 1930 हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा क्रमांक फोनमध्ये साठवून द्या. पैसे गेले तर लाजत बसू नका, ताबडतोब तिथे कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा: काहीही झालं तरी आधी मला विचार, मी रागावणार नाही.