पडद्याने दुभागलेले सरोवर



तलावावर हिरवा तवंग धरतो, तो केवळ दृष्टीला खटकणारा विषय नसतो. नीलहरित शैवालांच्या काही जाती यकृतास घातक विष निर्माण करतात आणि पाणी उकळूनही ते नष्ट होत नाही. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातील अशाच विषामुळे अमेरिकेतील टोलेडो परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी वर्ज्य करावे लागले.

मोरचूद टाकल्यास शैवाल मरते. परंतु पेशी फुटून त्यांतील विष पाण्यात उतरते. म्हणूनच मूळ कारणाचा शोध अगत्याचा ठरला. दोष कार्बनचा, नत्राचा की स्फुरदाचा, याविषयी तीव्र वाद होता. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 226 क्रमांकाच्या सरोवराच्या चिंचोळ्या मध्यभागी पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून टिपलेल्या त्या छायाचित्राने धुलाईच्या साबणचुऱ्यातील फॉस्फेटवर निर्बंध घालण्याच्या मागणीस मोठे बळ दिले.

नत्राच्या वाट्याविषयीची चर्चा आजही चालू आहे. परंतु एकच घटक बदलावा आणि बाकीचे समान ठेवावेत, हा शालेय प्रयोगवहीतील नियमच तेथे कामी आला. तलाव वाचवायचा तर प्रथम त्यात शिरणारे सांडपाणी व शेतातून वाहून येणारे खत रोखावे लागते. तवंग काढणे ही नंतरची गोष्ट.