पाहुण्यांची खोली

आपल्या जालना जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत पाहुण्यांसाठी वेगळी खोली क्वचितच असे. ज्या ओसरीवर सकाळी डाळ निवडली जाई आणि दुपारी पोरं अभ्यासाला बसत, तिथंच रात्री वळकट्या उलगडून पाहुणे झोपत. सामान खुंट्यांवर, कोनाड्यांत, फडताळात. जमीन मोकळी राही, म्हणून एकच जागा चार कामांना पुरे.

आता घरं सिमेंटची झाली. हौसेनं आपण एक खोली पाहुण्यांची म्हणून काढतो आणि तिथं मोठा पलंग टाकतो. हिशेब करून पाहा. दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट. सहा बाय साडेसहाचा पलंग त्यातले ३९ अडवतो. उरलेल्या जागेत बिघडलेला कूलर, शिलाई मशीन, रद्दीचे गठ्ठे येऊन बसतात. मग पाहुणा आला की घरच्यांची पळापळ होते आणि पाहुणाच ओशाळतो.

आपल्याकडे पाहुणा बहुधा कामानं येतो. मंठा, परतूर, घनसावंगीकडून कुणी दवाखान्यासाठी जालन्याला येतं, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी परीक्षेला. अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघालेली मंडळी मुक्कामाला थांबतात. लेक बाळंतपणाला माहेरी येते. म्हणून खोली दहा मिनिटांत तयार झाली पाहिजे, हीच तिची कसोटी.

त्याला फार खर्च नाही. पलंगाऐवजी सहा बाय अडीचचा दिवाण भिंतीलगत ठेवा. तो १५ चौरस फूटच घेतो. उंची दीड फुटाच्या आसपास असली की गुडघे दुखणाऱ्या आजींना उठायला सोपं जातं. खालच्या कप्प्यात चादरी, वाकळा, जादा गाद्या. भिंतीला बिजागऱ्यांवर फळी बसवली की मुलांचं टेबल झालं. काम संपलं की खाली सोडायची. कपाटाचा एक कप्पा आणि दोन खुंट्या मात्र कायम रिकाम्या असू द्या. आणि पाहुणे असताना दहावीतल्या मुलीनं अभ्यासाला कुठं बसायचं, हे आधीच ठरवा. नाहीतर आयत्या वेळी तिच्या वाट्याला स्वयंपाकघराचा कोपरा येतो.

खेड्यात या खोलीला आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे कापूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी होते आणि भाव वाढेल या आशेनं माल घरातच ठेवला जातो. शेतकऱ्याचा नाइलाज असतो, हे खरं. पण त्या कापसाजवळ झोपलं की अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. फार दिवस ठेवला तर गुलाबी बोंडअळीलाही आसरा मिळतो. ठिणगीचं भय वेगळंच. दुसरी सोय नसेल, तर निदान त्या खोलीत कुणी निजू नये. विजेच्या बोर्डाला लागून ढीग नको. विडी, उदबत्ती तिथं नको. फवारणीच्या औषधाची बाटली तर झोपायच्या खोलीत कधीच नको. ती घराबाहेर, कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी हवी.

अवचित आलेल्या माणसावर "आमच्यामुळे तुमची अडचण झाली" असं म्हणायची वेळ येऊ नये. एवढी व्यवस्था दहा बाय दहात सहज बसते.