न आलेल्या एसटीची नोंद

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना इथं स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्यासमोर केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या मुलामुलींनो,

विषय ऐकून दोघी-तिघींनी मला विचारलं, ‘ताई, सॉफ्टवेअर आणि पर्यावरण, यात आपलं काय काम?’ म्हणून तिथूनच सुरुवात करते.

साध्या एसटीत चाळीस-चव्वेचाळीस माणसं बसतात, उभी राहणारी वेगळी. तेवढीच माणसं दोघं-दोघं करून मोटारसायकलवर निघाली तर वीस-बावीस गाड्या रस्त्यावर येतात. इंधन वाचवायचं, धूर कमी करायचा तर माणसं एसटीत बसली पाहिजेत, हे खरंच आहे. २०१२-१३ चा दुष्काळ ज्या जिल्ह्यानं सोसला, त्याला हवापाणी बिघडल्याचा अर्थ शिकवायला नको. पण ‘लोकांना सार्वजनिक वाहतुकीकडे वळवा’ असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यापुढं मोटारवाला असतो. खेड्यातली बाई कधीचीच एसटीत आहे. घरात मोटारसायकल असली तरी ती नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. बाईला वळवायची गरज नाही. तिला एसटीतून बाहेर ढकललं जाऊ नये, एवढंच पाहायचं आहे.

आणि ढकललं जातं ते असं. गाडी येत नाही. तास-दीड तास फाट्यावर उभं राहून ती काळी-पिवळीत कोंबून घेते, दुप्पट पैसे देते, नाहीतर घरी परतते. घरी परतली की तिच्या नावावर धूरही नाही आणि प्रवासही नाही. कागदावर ती मोठी पर्यावरणवादी दिसते. असली बचत आपल्याला नको आहे.

सवलतींसाठी आपण भांडलो आणि काही मिळवलंही. मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पासाला पैसे नाहीत म्हणून लातूर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीनं २०१५ मध्ये जीव दिला होता, हे विसरू नका. या सवलती कुणी खिरापत म्हणून वाटलेल्या नाहीत. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. जी फेरी आलीच नाही तिचं अर्धं तिकीट काय आणि पूर्ण काय!

आता मुलांच्या कामाकडे येते. बस कुठं आहे ते मोबाईलवर दाखवणारा प्रकल्प हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा आवडता विषय आहे. नकाशा, त्यावर सरकणारा ठिपका. यातलं जगातलं नावाजलेलं काम विद्यार्थ्यांनीच केलं. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन फेरिस आणि कॅरी वॉटकिन्स हे दोघं पीएच.डी. करत होते. त्यांनी २००८ च्या सुमारास ‘वनबसअवे’ नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. आपल्या थांब्यावर पुढची बस किती मिनिटांत येणार, ते त्यावर कळायचं. पुढं त्यांनी प्रवाशांना विचारून पाहिलं. ज्यांच्याकडे ही माहिती होती ते सरासरी सुमारे दोन मिनिटं कमी थांबत होते आणि त्यांना थांबणं आणखीच कमी वाटत होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दर पाचांतल्या एकानं सांगितलं की थांब्यावर आता जास्त सुरक्षित वाटतं, आणि असं सांगण्यात बायका पुढं होत्या. साधं आहे. गाडी वीस मिनिटांनी येणार हे कळलं तर अंधारात एकटीनं उभं राहायचं कशाला, उजेडातल्या दुकानापाशी थांबता येतं.

पण हे जमलं कशामुळं? तिथल्या बसवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रं आधीच होती आणि ती माहिती विद्यार्थ्यांना वापरता आली. त्याआधी २००५ मध्ये पोर्टलँड शहरात, तिथल्या बससेवेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू या बाईंनी पाठपुरावा करून गूगलबरोबर वेळापत्रकं एका साध्या साच्यात बसवली होती. कोणता थांबा, कोणती फेरी, किती वाजता, अशा याद्या. तोच साचा आज जगभर चालतो. म्हणजे हुशार मुलं लागतातच, पण माहिती लोकांसाठी मोकळी करणारी व्यवस्थाही लागते. आपल्या मुंबईत २०१० मध्ये सचिन टेके या तरुण अभियंत्यानं ‘एम-इंडिकेटर’ काढलं आणि लोकलचं वेळापत्रक लाखो लोकांच्या खिशात गेलं. लोकल उशिरा येते, पण येते. म्हणून त्या वेळापत्रकाला अर्थ आहे.

सिएटलच्या बाईचा प्रश्न होता, गाडी कधी येईल? वडीगोद्रीच्या फाट्यावर उभ्या बाईचा प्रश्न आहे, गाडी येईल का? मुलांनो, हा फरक नीट लक्षात घ्या. तुमच्या नकाशावर जी गाडी आगारातून निघाली तिचा ठिपका दिसतो. जी निघालीच नाही तिचा ठिपका नसतो. चालक नाही, गाडी नादुरुस्त, लग्नसराईची जादा गाडी दुसरीकडे पाठवली, कारण काहीही असो, रद्द फेरी नकाशावर कुठंच नाही. आणि बाईचं सगळं नुकसान तिथंच आहे.

मोठ्या बंदच्या वेळी निदान बातमी तरी होते. २०२१-२२ च्या संपात एसटी पाचेक महिने नीट चाललीच नाही. आणि या गावाला तर काही सांगायलाच नको. १ सप्टेंबर २०२३ ला इथं लाठीमार झाला, त्यानंतर एसटी गाड्या जाळल्या गेल्या, फेऱ्या बंद पडल्या. आरक्षणाच्या मागणीबद्दल मी आज बोलणार नाही, तो विषय मोठा आहे. पण जळालेल्या गाडीत रोज कोण बसत होतं, हे विचारायचा हक्क सगळ्या जातींच्या बायकांना आहे. मोठा बंद मिटतो, गाड्या सुरू होतात. संध्याकाळची एक फेरी हळूहळू बंद होते, सकाळची मुक्कामी गाडी मुक्कामाला यायची थांबते, त्याची बातमी कुठं येते? मुक्कामी गाडी गेली की सकाळच्या कॉलेजची मुलगी गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतं आणि सगळे म्हणतात, तिलाच शिकायचं नव्हतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की न आलेली गाडी मोजणारं सॉफ्टवेअर तयार करा. आणि ते फोनवाल्या पुरुषासाठी करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की २०१९-२१ मध्ये देशात स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका सुमारे ५४ टक्के होत्या, आणि तोही बऱ्याचदा बटणांचा. तेव्हा मिस्ड कॉल दिला की मराठीत उलटा फोन येऊन एवढंच विचारेल असं काहीतरी करा: ‘गाडी आली का? आली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन.’ दिसायला फार भारी नसेल, मार्क कमी पडतील कदाचित. तुमच्या सरांशी भांडायला आम्ही येऊ.

दुसरी गोष्ट जरा कडक सांगते. मुलींच्या सुरक्षेच्या नावाखाली मुलगी कुठं आहे ते बापाला, भावाला दाखवणारं काही बनवू नका. असलं काही आलं की पहिल्याच आठवड्यात ‘तू अर्धा तास बाजारात काय करत होतीस’ हा प्रश्न येतो आणि दुसऱ्या आठवड्यात शाळा बंद. पाळत गाडीवर ठेवा, मुलीवर नको. नोंद करणारीचं नाव, नंबर कुणालाही दिसता कामा नये, अगदी आम्हालासुद्धा.

आणि आपण, मैत्रिणींनो, सॉफ्टवेअरची वाट बघत बसायचं नाही. फाट्यावर एक वही ठेवायची. तारीख, गाडीची ठरलेली वेळ, आली का आणि किती वाजता, बाया-मुली किती उभ्या होत्या, मग त्यांनी काय केलं: थांबल्या, काळी-पिवळीनं गेल्या, की परत फिरल्या. महिनाभर रोज. लिहिता येणारी एक मुलगी पुरे. दुसरीकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून आगाराकडून त्याच महिन्यातल्या रद्द फेऱ्यांची यादी आणि कारणं मागायची. आपली वही आणि त्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली की मुलांना खरं काम मिळेल. वाहक-चालकांना यात दुखवू नका, ओव्हरटाइमनं तेही पिचलेले असतात. त्यांनाही विचारा, कोणती फेरी का बुडते ते त्यांना चांगलं ठाऊक असतं.

वह्या आणल्या आहेत, रकाने आखलेले आहेत. वडीगोद्रीची वही कोण घेतंय? आणि शहागडची? नावं पुढं येऊन सांगा. संध्याकाळच्या गाडीनं जाणाऱ्या आधी या.